येतो, आक्का

खाली घराला रंग चालू होता. वासानं डोकं दुखायला लागलं, तसे आम्ही गाद्या उचलून गच्चीवर गेलो. मी, माझी धाकटी बहीण, आमचा चुलत दादा आणि ट्रकआजोबा. ट्रकआजोबा म्हणजे आईचे काका. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, म्हणून आम्ही लहानपणापासून त्यांना तेच म्हणतो. आता त्यांना रात्री नीट दिसत नाही, तरी जिना चढताना ते कुणाला हात धरू देत नाहीत.

एरवी त्यांच्याकडे भुताची गोष्ट मागितली की ते म्हणतात, “भुतं नाही भेटली बाबा कुठे. पंक्चरवाले भेटले.” त्या रात्री मात्र कुणी काही मागितलंच नव्हतं. दादा मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होता. जंगलातलं एक महागडं लॉज, लाकडी खोल्या, कंदील लावलेला तलाव, आणि तलावापलीकडून एकामागे एक चाललेले हत्ती.

“याला म्हणतात आयुष्य,” दादा म्हणाला. “सकाळी खिडकी उघडली की समोर हत्ती.”

आजोबांनी हात पुढे केला. मोबाइल लांब धरून त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि मग मोबाइल गादीवर पालथा ठेवला.

“हे ते नाही,” ते म्हणाले. “पण असंच होतं.”

धाकटी त्यांच्या अंगाला चिकटून बसली. ते बोलायला लागले तेव्हा आवाज नेहमीचाच होता, फक्त ते आमच्याकडे न बघता कठड्याकडे बघून बोलत होते. ते जसं बोलले तसंच लिहिते. यापुढचा ‘मी’ म्हणजे आजोबा.

*

हे माझ्या ओळखीच्या माणसासोबत घडलंय. ऐकीव नाही. दिवस सांगतो, म्हणजे दादाला फाटे फोडायला जागा नको. चौदा तारीख, गुरुवार. सहा वर्षं झाली. मी गादी घेऊन निघालो होतो.

हसू नकोस रे. खरंच गादी. चांगली जाड, दोघांची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. लॉजच्या मॅडमचा दुपारी फोन आला, सात नंबरच्या खोलीतली गादी बदलायचीय, आजच्या आज आणा. ती खोली जेमतेम दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली. एवढ्यात गादीला काय झालं, हे मी विचारलं नाही. ड्रायव्हरनं रस्ता विचारावा, कारण विचारू नये.

त्या लॉजला सामान पोचवायचं काम माझ्याकडे होतं. आधीचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून मला महिनाभरासाठी बदली घेतला, आणि मी अकरा वर्षं राहिलो. म्हणून तिथं मला सगळे स्टेपनी म्हणायचे. नाव वाईट नाही. गाडीत शेवटी तीच कामाला येते.

लॉज म्हणजे राजेशाही काम. सहा खोल्या, एकेका खोलीत आपलं हे अख्खं घर मावेल. पण लोक खोल्यांसाठी यायचे नाहीत, हत्तींसाठी यायचे. सात हत्ती होते, सगळे सोडवून आणलेले. कुणी सर्कशीतून, कुणी लाकडाच्या वखारीतून, एकाला तर कुणी नुसता दारात बांधून ठेवला होता, शोभेला. संध्याकाळी पाहुणे खुर्च्या टाकून बसायचे, हत्ती पाण्यावर यायचे, आणि मॅडम रोज तेच एक वाक्य बोलायच्या: “इथं आलेला हत्ती पुन्हा कधी ट्रकमध्ये चढत नाही.” लोकांचे डोळे भरून यायचे. पहिल्या वर्षी माझेही आले होते.

सातांत थोरली ती आक्का. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला धूसर दिसायचं. उजवा कान फाटका. चाळीस वर्षं लाकडं ओढली होती तिनं. बाकीचे सहा तिच्या मागे मागे. ती थांबली की थांबायचे, ती वळली की वळायचे. थोरली बहीण असते तशी, म्हणून आक्का.

आणि तिचा माणूस, म्हणजे ज्याची ही गोष्ट, त्याला आम्ही मौनी म्हणायचो. माणसांशी दिवसाला चार शब्द. पण हत्तींजवळ गेला की नळ सुटल्यासारखा बोलायचा. मी त्याला एकदा म्हटलं, “लेका, त्यांच्याशी बोलतोस त्यातलं निम्मं बायकोशी बोलला असतास तर संसार झाला असता.” तो म्हणाला, “ती ऐकते. बायको ऐकत नव्हती.” दिवसाचे चार शब्द तिथंच संपले.

आता नीट ऐका. तिथं हत्तीला काठी लावायची नाही, साखळी घालायची नाही, हा नियम. सगळं काम शब्दावर. चल, थांब, पाय दे, मागे हो. तेवढ्यावर चार टनांचं जनावर चालायचं. आणि आक्काचा एक शब्द जास्तीचा होता. रात्री तिला निवाऱ्यात घेतली की ती मौनीचं मनगट सोंडेत धरायची. घट्ट नाही, पण धरायची. मग मौनी म्हणायचा, “येतो, आक्का.” की ती सोडायची. दार लावलं की सकाळपर्यंत आवाज नाही.

एकदा मौनी बहिणीकडे गेला. दोन दिवसांसाठी दुसरा माणूस होता, चांगला कामसू. त्यानं आक्काला आत घेतलं, पाणी ठेवलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “चला, जातो मी.” झालं. धरलं तिनं त्याला कॉलरला. नऊला धरलं ते साडेअकरापर्यंत. मारलं नाही, ओढलं नाही, नुसतं धरून उभी. तो बिचारा आधी रागावला, मग विनवण्या केल्या, मग रडला. शेवटी मौनीला फोन लावला. मौनी तिकडून हळूच म्हणाला, “अरे, घरातून निघताना ‘जातो’ म्हणतं का कुणी? येतो म्हण.” तो ‘येतो’ म्हणाला आणि तिनं सोडला. पुढे वर्षभर त्याला सगळे ‘जातो’ म्हणूनच हाक मारायचे.

तुम्ही हसताय. आम्हीही हसलो होतो.

तर… आक्का थकली. पायाला जखम झाली, ती भरेना. पाण्यावर यायची ती लंगडत, पाहुण्यांकडे पाठ करून उभी राहायची. कुणा पाहुण्यानं लिहिलं की एवढे पैसे मोजून आजारी जनावर बघायला आलो नव्हतो. मग आणखी कुणी लिहिलं. मॅडम वाईट नव्हत्या, हे मी आजही म्हणतो. माझ्या ऑपरेशनला मला महिनाभर सुट्टी दिली होती त्यांनी. पण वरून मालकाचे फोन यायला लागले. आणि एके दिवशी त्यांनी मौनीला बोलावलं. पायावर उपचार करायला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, पंधरा दिवसांत परत. तिला ट्रकमध्ये फक्त तूच चढवू शकशील.

खरं होतं ते. आक्का ट्रक बघितला की पाय रोवायची. तिला लहानपणी ट्रकमध्ये घालून आईपासून तोडलेली, असं मौनी सांगायचा.

तो ट्रक मी नेला.

हो, मीच. थांब, बोलू दे मला.

पहाटेची वेळ. मोठा पिंजरा चढवलेला, मागे फळ्यांचा उतार, पुढच्या बाजूला माणूस निघेल एवढं छोटं दार. मौनी उतारावरून उलट्या पावलांनी चढत होता, तिचं सोंडेचं टोक हातात धरून. बोलत होता. काय बोलत होता ते ऐकू आलं नाही, पण थांबला नाही. ती दोनदा मागे गेली. तिसऱ्यांदा आली. त्याच्याकडे तोंड करून, एक एक पाय फळीवर ठेवत, पूर्ण चढली. मागचं दार लागलं. मग ती त्याचं मनगट धरून उभी राहिली. आणि तो म्हणाला, “येतो, आक्का.”

तिनं सोडलं.

तो छोट्या दारातून बाहेर आला आणि माझ्याकडे आला. “पंधरा दिवसांनी तूच आणशील ना तिला?” मी म्हटलं, “हो. आणखी कोण आणणार?”

कागद माझ्या खिशात होता. त्यावर दवाखाना नव्हता. जनावरं भाड्यानं देणाऱ्या एका माणसाचं आवार होतं, एक दिवस आणि एक रात्र लांब. मला ते आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं.

का नाही सांगितलं, असं विचारू नकोस. नोकरी होती. आणि मला वाटलं, सांगून तरी काय होणार. माणूस स्वतःला असंच काहीतरी सांगतो.

आवारात सोडलं तिला. अकराव्या दिवशी तिथल्या राखणदाराचा फोन आला. तो म्हणाला, तुमची म्हातारी गेली. काही खाल्लं नाही तिनं. फाटकाकडे तोंड करून उभी होती, ती उभ्या उभ्याच खाली बसली. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला.

मौनीला ते मी सांगितलं नाही. मॅडमनाही कुणी विचारलं नाही. तो मात्र दर खेपेला सामान उतरवताना विचारायचा, “कळलं का काही?” मी म्हणायचो, “मोठा दवाखाना आहे, वेळ लागतो.” तो मान हलवायचा. आक्काचा निवारा रोज झाडून ठेवायचा. पाणी बदलायचा. सहा महिने.

मग एक दिवस तिथं सुतार आले. आक्काच्या निवाऱ्यात फळ्यांची जमीन घालायला लागले. मौनी त्यांना म्हणाला, “अहो, हे काय करताय? आक्का आली की राहील कुठे?” सुतार म्हणाला, “कोण आक्का?” तो मॅडमकडे गेला. मी तिथं होतो, पाण्याचे कॅन उतरवत. मॅडमनी संगणकावरून डोकं वर केलं नाही. म्हणाल्या, “तिची सोय तिकडेच केलीय. तिला तिकडे बरं वाटतंय.”

“मग मला एकदा घेऊन जा. लांबून बघतो.”

“बघू.”

मॅडमचं बघू म्हणजे लावलेलं दार. मौनी वळला. माझ्याजवळून गेला, पण त्या दिवशी त्यानं मला काही विचारलं नाही.

त्या निवाऱ्याची खोली झाली. सात नंबर. सगळ्यांत महाग. उंच छत, पडदे, काचेची न्हाणी. जाहिरातीत लिहिलं, जिथं हत्ती झोपत होता तिथं झोपा.

आणि लोक झोपेनात.

पहिलं जोडपं म्हणालं, रात्री पेल्यातलं पाणी थरथरतं. मॅडम म्हणाल्या, पंप असेल. पंप बंद ठेवला. दुसऱ्या एक बाई आल्या, एकट्याच. त्या मध्यरात्री स्वागतकक्षात आल्या, मनगट चोळत. म्हणाल्या, कुणीतरी धरलं होतं. घट्ट नाही… पण धरलं होतं. मनगट ओलं होतं. तिसरे तर चपला तिथंच टाकून गाडीत जाऊन बसले. त्यांच्या गादीला मधोमध खड्डा पडला होता, परातीएवढा गोल. आतल्या स्प्रिंगा मोडलेल्या.

म्हणून नवी गादी.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी मी पोचलो. मॅडम आणि मौनी दोघंही खोलीबाहेर उभे होते. मॅडम त्याला सांगत होत्या, “उद्या मालकांचे पाहुणे आहेत. आज रात्री तू झोप इथं. काय वाजतंय ते बघून ठेव. तुझीच तर जागा आहे जुनी, तुला कसली भीती?”

मौनी ‘हो’ म्हणाला. खोली झाल्यापासून त्यानं उंबरा ओलांडला नव्हता.

आम्ही दोघांनी गादी आत नेली. जुनी बाहेर टाकली. मॅडम गेल्या. मौनीनं भिंतीवर हात ठेवला. रंग नवा होता, पण भिंत तीच. खांद्याच्या वर, जिथं ती कूस घासायची, तिथं त्यानं हात ठेवला. मग मला म्हणाला, “थांबशील आजची रात्र?”

मी म्हटलं, “थांबतो की. एवढ्या मऊ गादीवर कधी झोपणार मी?”

तो हसला नाही. खाली बसला, भिंतीला टेकून. मी पलंगाच्या कडेला बसलो. उशाशी पाण्याचा पेला होता. साडेदहा झाले. पावणेअकरा. मग त्यानं विचारलं, माझ्याकडे न बघता.

“खरं सांग. कुठं सोडलीस तिला?”

“सांगितलं की… दवाखान्यात.”

“अकरा वर्षं ओळखतोस मला.”

“अरे, दवाखान्यातच.”

पेल्यातलं पाणी हललं.

पंप बंद होता. वारा नव्हता. पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती, मधून कडेकडे. मग मला कळलं की माझी छातीही तशीच हलतेय. हत्ती आतल्या आत घुमतो ना, तो आवाज कानाला कमी आणि हाडांना जास्त कळतो. फळ्या घुमत होत्या. माझ्या तळपायाखाली.

मौनी उठून उभा राहिला. त्याचा चेहरा… घाबरलेला नव्हता. कुणाची तरी वाट बघून बघून शेवटी पाऊल वाजावं, तसा होता.

मी म्हटलं, “ट्रकला कुलूप लावलं नाही बघ. लावून येतो.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “येतो म्हणालास?”

“हो. आलोच. येतो.”

मी बाहेर पडलो. दार माझ्यामागे लागलं. चाळीस पावलांवर ट्रक होता. मी आत बसलो, दोन्ही बाजूंचे खटके लावले.

आणि बसून राहिलो.

अकरा वीस. खोलीत दिवा होता. पडदा ओढलेला. किल्ली स्टिअरिंगजवळच्या भोकात लटकत होती, ती हलायला लागली. गाडी बंद होती. स्टिअरिंगवर हात ठेवला तर ते घुमत होतं.

मग त्याचा आवाज आला.

“आक्का.”

मग काही नाही.

“मला पंधरा दिवस सांगितले होते, आक्का.”

काही नाही.

“मला माहीत नव्हतं ग…”

फळ्या करकरल्या. एकदा. मग जरा थांबून पुन्हा. वजन या पायावरून त्या पायावर घेतल्यासारखं. लंगडत.

दिव्यापुढून काहीतरी गेलं. पडदा पूर्ण काळा झाला. खालपासून वरपर्यंत. मग पुन्हा पिवळा.

“येतो, आक्का,” मौनी म्हणाला.

शांत.

“येतो… आक्का, येतो मी.”

शांत.

“सोड ना. येतो म्हटलं ना. येतो.”

तोच शब्द. त्याच एका शब्दावर ती गाडीत उभी राहिली होती. आता ती तो ऐकत नव्हती.

मग त्यानं मला हाक मारली.

“स्टेपनी.”

मोठ्यानं नाही. शेजारी बसलेल्याला मारावी तशी.

“स्टेपनी… आहेस ना?”

मी होतो. चाळीस पावलांवर होतो.

“स्टेपनी.”

मी काच वर केली.

त्या गाडीची काच शेवटची दोन बोटं कधी वर जायचीच नाही. तेवढ्या फटीतून ऐकू येत राहिलं. तो रडत होता. मग रडायचा थांबला. मग बराच वेळ नुसतं घुमणं. बारा वाजून गेले.

मग तो बोलला. एकदम साधं. थकलेलं.

“जातो, आक्का.”

घुमणं थांबलं.

दिवा गेला.

किल्ली हलायची थांबली. रातकिडे… कधी बंद झाले होते कोण जाणे, ते पुन्हा सुरू झाले. खोलीतून आवाज नाही. श्वासाचासुद्धा नाही. मी पहाटेपर्यंत काच धरून बसलो.

पावणेसहाला मॅडमना उठवलं. त्यांनी किल्ली आणली, पण दाराला आतून कडी होती. खिडक्याही आतून बंद. शेवटी लॉजच्या राखणदारानं दोन धक्क्यांत कडी उखडली.

खोली नीट होती. पडदे नीट, पेला भरलेला, जमीन स्वच्छ. नव्या गादीवर हिरव्यागार फांद्यांचा ढीग होता. हाताएवढ्या जाड फांद्या, पानांसकट. कापलेल्या नव्हत्या, मोडलेल्या होत्या, मोडल्या जागी साल लोंबत होती. कमरेएवढा उंच ढीग. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट रचलेला. वरून माती टाकलेली.

मॅडम म्हणाल्या, “हा कचरा कुणी आणला इथं?”

त्या ढिगाखाली मौनी होता. उताणा, हात छातीवर. डोळे उघडे.

नाही, मेला नव्हता. मी पानं बाजूला केली तेव्हा त्यानं पापणी हलवली. उठून बसला. अंगावरची माती झटकली नाही. म्हणाला, “सोडलं तिनं मला.”

हत्तींमधलं कुणी गेलं ना, की बाकीचे त्याला असं झाकतात. फांद्या आणतात, माती टाकतात. मौनीच्याच तोंडून मी ते ऐकलं होतं. धाकटी विचारतेय की तो जिवंत होता तर का झाकलं. बाळा, आपल्यात कुणी फार दुखावलं की काय म्हणतं? आजपासून तू मला मेलास. आपण नुसतं म्हणतो.

सात वाजता बाकीच्या सहांना पाण्यावर सोडलं. मौनी वाटेत उभा राहिला, रोजच्या जागी. रोज ते सहाही जण जाताना त्याच्या डोक्याला, खांद्याला सोंड लावून जायचे. त्या दिवशी पहिला त्याच्याजवळून गेला. दुसरा गेला. सहाही गेले. कुणी थांबलं नाही. कुणी वाससुद्धा घेतला नाही. वाटेत कुणी नव्हतंच, असे गेले.

तो तसाच फाटकाकडे चालायला लागला. पिशवीही घेतली नाही. मी मागे गेलो. मला सांगायचं होतं. सगळं सांगायचं होतं, खरंच. रात्री का आलो नाही, तेही.

फाटकाशी तो थांबला. त्याच्या सदऱ्यात एक डहाळी अडकली होती. लांबट पानं, पाठीमागून पांढरी, कडेला बारीक काटे. त्यानं ती काढली, उलटसुलट करून पाहिली.

“हे झाड आपल्या जंगलात नाही,” तो म्हणाला. “मी इथलं पान न् पान ओळखतो. तू सगळीकडे फिरतोस. तू पाहिलंयस कुठे?”

मी म्हटलं, “नाही बाबा.”

त्यानं ती डहाळी माझ्या हातात दिली आणि गेला. येतोही म्हणाला नाही, जातोही म्हणाला नाही.

ते झाड मी एकदाच पाहिलंय. तिला उतरवलं त्या दिवशी. त्या आवाराच्या फाटकाजवळ तेवढं एकच झाड होतं, आणि मी निघालो तेव्हा ती त्याच्याखाली उभी होती.